हाकेच्या टप्प्यातला चिमाजी

भाटघर धरणाच्या पाण्यावर चिमाजीची होडी होती. त्याची म्हणायची आपली, खरी ती वाघजाईची. गावानं देवीच्या नावानं ती बांधून घेतली होती आणि ती चालवणं ही देवीची चाकरी, असा रिवाज पडला होता. सुगीला घरटी मापभर भात मिळायचा. ज्यानं देवीपुढं वल्हं धरून शपथ घेतली त्यानंच ते मारायचं आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलानं. चिमाजीला मुलगा नव्हता. एक फुला होती, तेवढीच.

त्यात त्याच्या बापानं आणखी एक पाचर मारून ठेवली होती. अंथरुणाला खिळल्यावर म्हातारा म्हणाला होता, "चिमा, येनाऱ्या-जानाऱ्यांत कवातरी एकदा देव आसतो. त्यो कोन, ते कळत न्हाई. म्हनून कुनालाच न्हाई म्हनायचं न्हाई." एवढं बोलून म्हातारा सुटला आणि पोरगा अडकला तो कायमचा.

पलीकडच्या काठावरून "होडीऽऽ" अशी हाक आली की चिमाजी हातातला घास ताटात ठेवून उठायचा. दाढी अर्धी झालेली असली तर तसाच जायचा. पलीकडच्या रस्त्यावरून भोरची एस.टी. जायची. सगळ्या गावाला त्यानं त्या गाडीपर्यंत पोचवलं, पण स्वतः भोरचा बाजार काही पाहिला नाही. रतनबाई, त्याची बायको, माहेरी जायची ती एकटीच. हाक ऐकू येईल तेवढाच त्याचा मुलूख होता. रानात शेळीमागंही तो जास्त लांब जात नसे.

बिचारा म्हणून त्याची कीव करायला जावं, तर तेही सरळ नव्हतं. माणसं होडीत बसताना तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळाला लावायची, आणि त्या नमस्कारातला थोडा आपल्यालाही पोचतो असं चिमाजीला मनातून वाटायचं. नव्या माणसाच्या तोंडाकडं तो निरखून बघायचा. हा असेल का? बैलाचा व्यापारी असो, पोलीस असो, नाही तर खोकणारी म्हातारी असो, तो सगळ्यांना सारख्याच मायेनं उतरवून द्यायचा. असं काम करणारा माणूस दहा गावांत शोधून सापडला नसता.

अडुसष्ट सालच्या वैशाखात फुलाचं लग्न ठरलं. मुलगा वेल्ह्याकडच्या पासलीचा, घरी भातशेती. लग्न मुलाच्या दारात, सकाळचं, म्हणून वऱ्हाड आदल्या दिवशीच निघायचं होतं. सावळाराम पाटील स्वतः येऊन म्हणाले, "चिमाजी, दोन दिस होडी बांधून ठिव. लोकं जातील वळसा घालून. देवी काय तुझ्या मुळावर न्हाई उठायची." रतनबाईनं तर त्याला देवळात नेऊन कौल लावायला लावला. देवीच्या अंगाला लावलेल्या कळ्यांतली उजवीकडची पडली, म्हणजे उजवा कौल. देवी हो म्हणाली, गाव हो म्हणालं. चिमाजीही हो म्हणाला.

वैशाखात धरणाचं पाणी आत हटतं आणि काठाला ही एवढी चिखलाची पट्टी पडते. बायाबापड्यांना पाठीवर घेऊन चिमाजीनं वऱ्हाड होडीत चढवलं, पलीकडं उतरवलं. पुन्हा आला, पुन्हा गेला. शेवटच्या खेपेला फुला होती, हळदीच्या अंगानं. तिला पाठीवर घेऊन तो चिखलातून चालला तेव्हा ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आबा, माझ्या शेजारी बसा हं ट्रकात." होडी खुंटाला बांधून, नवं धोतर नेसून तो भाड्याच्या ट्रकाशी आला. फुलानं पदरानं फळी झाडून त्याला जागा करून ठेवली होती.

त्याचा एक पाय ट्रकात होता. तेवढ्यात मागून, पाण्यावरून हाक आली.

"होडीऽऽ"

सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी ऐकलं नाहीसं केलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. चिमाजीचा दुसरा पाय काही उचलेना. बापानं सांगितलेलं ते 'कवातरी एकदा' नेमकं आजच असलं तर? देवीनं मोकळं केलं हे खरं, पण ही परीक्षा असली तर?

"येवढी येक खेप करतो," तो म्हणाला. "मागनं येष्टीनं येतो."

"अवो, लेकीचं लगीन हाय!" रतनबाई ओरडली.

"येतो म्हनलं न्हवं."

गावाकडच्या काठावर गावातलीच म्हातारी अंबूबाई उभी होती, काखेत कोंबडी घेऊन. तिला कोंबडी विकायला जायचं होतं. लग्नाचं ती साफ विसरली होती. चिमाजीनं तिला पाठीवर घेतलं, कोंबडीनं त्याच्या नव्या सदऱ्यावर घाण केली. ती उतरते न उतरते तोवर परत जाणारे दोघं आले. मग आणखी कुणी आलं. शेवटची एस.टी. धूळ उडवत गेली ती त्यानं पाण्याच्या मधोमध बसून पाहिली. सकाळी पासलीत फुलाचं कन्यादान तिच्या मामानं केलं.

रतनबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. गाव मात्र बोललं, आणि काय बोललं! असा सेवेकरी होणे नाही. माणसं नाळेबरोबर त्याच्याही पाया पडू लागली. चिमाजीला ते पाया पडणं टोचायचं, पण नको म्हणायचा धीर होईना. नको म्हटलं तर मग त्या दिवशी थांबलो कशासाठी?

दिवाळसणाला फुला आली. जावई मागाहून येणार होता. होडीत ती बापाजवळ बसली नाही, उतारू बसतात तिथं पुढं बसली. चार माणसांसारखा नाळेला नमस्कार केला.

"आबा, येक इचारू? अंबूआजीत तुमाला देव दिसला. माझ्यात न्हाई दिसला?"

चिमाजीनं वल्हं मारलं. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं, पण जमलं नाही.

"तुझ्यात लेक दिसली गं. देव थांबायचा न्हाई, लेक थांबंल, आसं वाटलं."

"थांबले की. अंतरपाट धरला तरी रस्त्याकडं बघत हुते. भटजी रागं भरलं."

काठाला लागल्यावर त्यानं तिचं गाठोडं स्वतः उचललं आणि तिच्याबरोबर चढण चढू लागला. घरापर्यंत जायचं, तिच्याशेजारी ओसरीवर बसायचं, रतनबाईच्या हातचा चहा तिघांनी मिळून प्यायचा, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. निम्म्या चढणीवर मागून हाक आली. चिमाजी थांबला. या वेळी तो वळला नाही, पुढंही गेला नाही. नुसता उभा राहिला.

फुलानं थोडी वाट पाहिली. मग तिनं त्याच्या हातातलं गाठोडं सावकाश काढून घेतलं.

"जावा आबा," ती म्हणाली.

आणि चिमाजीला एकदम हायसं वाटलं. लेकीनं आपल्याला मोकळं केलं म्हणून बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला इतकी लाज वाटली, की तिच्याकडं न बघताच तो उताराला लागला.