मायचं धान

यमुनाबाईंनी स्टीलचा छोटा डबा माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. "एवढ्यात टेस्ट होत नाही," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

आमची लॅब बियाणं तपासते. एका नमुन्याला शेकडो दाणे लागतात. डब्यात होतं चिमूटभर धान, म्हणजे भाताचं बी. बाई मूल तालुक्यातल्या. हे बारीक, वासाचं धान त्यांना आईकडून आलेलं, म्हणून त्या त्याला 'मायचं धान' म्हणत. गावात बाकीच्यांनी ते केव्हाच सोडलं होतं. गेल्या पावसाळ्यात पुराचं पाणी घरात शिरलं आणि सगळं बियाणं कुजलं. लेकीकडे बरीच वर्षं पडून असलेलं एवढंच उरलं. ते जिवंत आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

सुकं बी खड्यासारखं दिसतं, पण जिवंत असेल तर अगदी मंद श्वास घेत असतं. ते ओळखायला टीझेड टेस्ट असते. दाणा भिजवून उभा कापायचा, औषधात ठेवायचा. जिवंत पेशी लाल होतात. मी म्हटलं, थोडे दाणे कापू, उद्यापर्यंत कळेल.

"कापलेला दाना मंग उगवते का?"

"नाही."

"मंग जित्ता हाये का पाहाले माराचं काऊन, मॅडम?"

मी ब्लेड ठेवून दिलं. सगळे दाणे ओल्या कागदावर मांडले. उगवेल ते रोप त्यांचं. रिपोर्ट मिळणार नाही, हेही सांगितलं. त्यांना तो नकोच होता.

उगवणीसाठी नियमाने ठरलेली मुदत संपली. कागदावर बुरशी होती, कोंब नव्हता. साहेब म्हणाले, ट्रे रिकामा करा. मी आणखी थोडे दिवस मागून घेतले. जुन्या बियाला वेळ लागतो. आधी पेशींची आतली दुरुस्ती चालते, मग कोंब. बुरशीचे दाणे काढले, कागद बदलला. अखेर चार कोंब आले.

मी फोन केला. बाई आल्या, ट्रेवर वाकल्या. मग विचारलं, "बसमधी गरम लागन का याईले?"

मी थर्माकोलचा डबा दिला. एक रोप तरीही वाटेत गेलं. उरलेली तीन बादलीत वाढली, लोंबीवर आली. निघालेलं बी बाईंनी तीन घरांत वाटलं.

एखादी जात नामशेष होते, ती त्याआधी एकाच घरात उरलेली असते. शेतकऱ्यांच्या ट्रेनिंगमध्ये मी आता आधी हेच सांगते: बियाणं शेजाऱ्याला द्या. साठवण्याचं नंतर बोलू.