चौथ्या दिवसाचा जाळ

नव्या भट्टीला सात दिवस मंद जाळ द्यायचा आणि आठव्या दिवशी पाव भाजायचा, एवढं साधं काम होतं. मी चौथ्याच दिवशी पिझ्झे भाजले आणि भट्टीचा घुमट तडकवला.

पिझ्झे चार होते. त्यातला एक माझ्या मित्राने, डॅरेलने, गवतात पाडला, म्हणजे खरे तीनच. तीन पिझ्झ्यांच्या बदल्यात मास्त्रो नुन्झियोंचं नाव गेलं. तेही इंगमसारख्या लहान गावात, जिथे ऊस आणि दुसऱ्यांच्या भानगडी सोडून बोलायला फारसं काही नसतं.

मास्त्रो तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. एकोणिसाव्या वर्षी सिसिलीहून बोटीने आले, दहा हंगाम ऊस तोडला, मग गवंडी झाले आणि लोक त्यांना ‘मास्त्रो’, म्हणजे उस्ताद, म्हणू लागले. आमच्या इटालियन लोकांच्या परसात त्यांनी शेहेचाळीस भट्ट्या बांधल्या, आणि एकीलाही तडा नव्हता. भट्टीचे पैसे ते घेत नसत. पहिला पाव तेवढा घेत. तो काखेत धरायचा, वर फडकं नाही, पिशवी नाही, आणि भर रस्त्यातून घरापर्यंत चालत जायचं. काखेत पाव दिसला की गावाला कळायचं, अमक्याची भट्टी पास झाली.

आमची सत्तेचाळिसावी. माझ्या आईला, सांतिनाला, ती बरीच वर्षं हवी होती, पण मास्त्रोंना ती आईपेक्षा जास्त हवी होती. चर्चच्या हॉलमागे जत्रेसाठी मोठी भट्टी बांधायचं घाटत होतं आणि आयुष्यातलं शेवटचं काम म्हणून ती आपण बांधावी, हे त्यांच्या मनात होतं. समितीचा मुख्य तुरी पाप्पालार्दो. त्याने मास्त्रोंच्या थरथरत्या हातांकडे बघून सांगितलं की आधी सांतिनाची होऊ दे, मग बघू. मास्त्रो आमच्याकडे येऊन आईला म्हणाले, “शाळेत कधी गेलो नाही, आता परीक्षा.”

विटा मी आणल्या, साखर कारखान्याच्या जुन्या बॉयलरच्या. मी तिथेच कामाला आहे, त्यामुळे विटा फुकट आणि चिखलात कालवायला मळीसुद्धा फुकट. मळीने माती धरून राहते हे मास्त्रोंनी इथे येऊन शोधलेलं. ओल्या वाळूचा ढीग करून त्यांनी तो तळव्याने गोल केला, वर भिजलेली वर्तमानपत्रं चिकटवली आणि त्याच्या अंगाने विटा चढवत नेल्या. कॉफीचा कप उचलताना निम्मी कॉफी बशीत सांडणारे ते हात, वीट धरली की गप्प व्हायचे. माथ्यावरची शेवटची वीट त्यांनी स्वतः ठोकून बसवली. मग भट्टीच्या तोंडातून वाळू उपसायचं काम माझं. अर्धी नाकात गेली.

त्यानंतर भट्टी मुरवायची. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी दोन मुठी. विटांत आणि चिखलात दडलेलं पाणी हळूहळू बाहेर पडलं पाहिजे. मास्त्रो रोज सकाळी येऊन घुमटाच्या पाठीवर तळवा ठेवत आणि आजचा जाळ किती ते सांगत. चौथ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे टाउन्सव्हिलला जायचं होतं. जाताना त्यांनी मला चार बोटं दाखवली. “एवढी जाड लाकडं. पाचवं बोट नाही.”

आई मावशीकडे गेली होती. दुपारी कारखान्यातला डॅरेल आणि आणखी दोघे फुटबॉलची मॅच खेळून आले. भट्टी बघून डॅरेल म्हणाला की हे तर कुत्र्याचं घर. आता कुत्र्याच्या घरात पिझ्झा भाजून दाखवणं भाग होतं. मी मांडीएवढे ओंडके आत सारले. चौथा पिझ्झा आत असताना ‘टक्’ असा आवाज झाला, कुणी नापसंतीने जीभ वाजवावी तसा. घुमटातून वाफ आली आणि तोंडापासून माथ्यापर्यंत तडा गेला, नाणं उभं राहील एवढा. मित्रांना घालवून मी त्यात चिखल भरला आणि वर काजळी चोळली. शाळेत चित्रकलेत मी नापास होतो, ते तिथे दिसलं.

दुसऱ्या दिवशी मास्त्रोंनी तळवा ठेवला आणि उचलला. माझ्या लिंपणावरून अंगठा फिरवला. मग काठीने राख उकरली, त्यातून काहीतरी काळं उचलून हुंगलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“काल किती जाळ दिलास?”

“तुम्ही सांगितला तेवढाच, मास्त्रो.”

“बरं,” ते म्हणाले.

दोन दिवसांत लिंपण गळून पडलं. आईने तडा पाहिला, शेजारणीने आईला पाहताना पाहिलं, आणि रविवारी इटालियन क्लबात जाईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. टेबलाशी मास्त्रो, आई, तुरी आणि मी. तुरीने मलाच विचारलं, “ओराझियो, तू होतास ना तिथं. आपोआप तडकला?”

मास्त्रो कपात साखर ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आपोआपच,” मी म्हणालो.

तुरी वाईट माणूस नाही. त्याने मास्त्रोंच्या खांद्यावर हात ठेवला. “मास्त्रो, शेहेचाळीस झाल्या. पुष्कळ झाल्या. आता आराम करा.”

“माती ओली राहिली असेल,” मास्त्रो म्हणाले आणि कॉफी प्यायले. बशीतली सुद्धा.

सोमवारी ते बादली घेऊन हजर. तडा खरवडून रुंद केला, नव्या मळीच्या चिखलाने भरला, शुक्रवारपर्यंत वाळू दिला आणि शनिवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून मूठभर काटक्या. या खेपेला ते खुर्ची टाकून भट्टीसमोरच बसायचे. लाकडं मी द्यायची, आत तेच ठेवायचे. सहा दिवस माझ्या जिभेवर तेच एक वाक्य होतं. सहाव्या दिवशी मी म्हणालो, “मास्त्रो, त्या दिवशी जाळ जास्त झाला होता.”

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत काड्या नव्हत्या. जळकं चीज होतं आणि त्याला चिकटलेला अननसाचा तुकडा.

“तडा मी एक वेळ माफ केला असता,” ते म्हणाले. “पण अननस?”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी विचारलं, माहीत होतं तर क्लबात बोलला का नाहीत?

“तुझी आई बसली होती टेबलाशी. आणि तोंड तुलाही आहे.” त्यांनी काडेपेटी परत खिशात ठेवली. “पहिला पाव मी इथून नेणार नाही. रविवारी तू तो क्लबात घेऊन ये. तुरीसमोर माझ्या हातात दे आणि काय झालं ते सांग. मग मी चालत घरी जाईन.”

आठव्या दिवशी, पुढच्या शनिवारी, आईने पाव भाजला. कवच टणक, खाली वाजवला की पोकळ आवाज. भट्टीत खोट नव्हती, हे त्या पावाने सांगून टाकलं. राहिलं होतं ते मी सांगायचं.

रविवारी मी पाव पिशवीत घालून नेला. मास्त्रो इस्त्रीचा सदरा घालून आधीच येऊन बसले होते. टेबलावर तुरीने स्टीलच्या भट्टीचं रंगीत माहितीपत्रक पसरलं होतं. सोमवारी ऑर्डर द्यायची होती. म्हणजे अजून दिली नव्हती. चार-पाच जण वाकून बघत होते, त्यातला एक मला म्हणाला की काय रे, तुमच्या भट्टीत आता कोंबड्या ठेवल्यात का, आणि सगळे हसले. मीही हसलो. मग उसाच्या भावाबद्दल बोललो, फुटबॉलबद्दल बोललो. पिशवी माझ्या पायाशी खुर्चीखाली होती. मास्त्रोंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. तासाभराने ते उठले, टोपी घातली, माझ्याजवळ येऊन म्हणाले, “आईला सांग, मी विचारलं होतं म्हणून,” आणि रिकाम्या काखेने चालत घरी गेले. ओसरीवर बसलेल्यांनी ते पाहिलंच.

दोन आठवड्यांनी मी तुरीला सगळं सांगितलं. उशिरा सांगितलेल्या गोष्टीला धैर्य लागत नाही, हे तेव्हा कळलं. “पोरा, तो स्टीलचा चकचकीत डबा आता परत घेत नाहीत,” तुरी म्हणाला. मग स्वतः उठून मास्त्रोंची माफी मागायला त्यांच्या घरी गेला. घराला कुलूप होतं. मास्त्रोंची मुलगी किती वर्षं त्यांना टाउन्सव्हिलला राहायला बोलवत होती आणि ते कामाचं निमित्त सांगत होते. आता निमित्त उरलं नव्हतं.

मी अधूनमधून फोन करतो. तुरीला सांगितलं, हे मी त्यांना सांगितलं. ते “बरं” म्हणाले. भट्टी कशी आहे विचारतात, तडा दिसतो का विचारतात. मी म्हणतो, शोधावा लागतो. मग म्हणतात, म्हणजे नीट भरलाय. पावाचा विषय तेही काढत नाहीत, मीही नाही. टाउन्सव्हिल दीड तासाच्या रस्त्यावर आहे, आणि दर शनिवारी गाडीला काहीतरी होतं, निदान मी आईला तसं सांगतो.

तो पहिला पाव आईने फडक्यात बांधून फ्रीझरमध्ये ठेवलाय, मटारच्या पिशवीमागे. मटार काढायचे असले की ती तो बाहेर काढते, ओट्यावर ठेवते, माझ्याकडे बघते, आणि मटार काढून झाले की परत आत ठेवते.