आभाळ्या पडला नाही

लंकाबाईंच्या हातची खिचडी न खाल्लेलं पोर आमच्या गावात सापडायचं नाही. शाळेचा पोषण आहार त्याच शिजवतात. माहेर पाथर्डीकडचं. नवरा लवकर गेला. एकुलता एक ओंकार फौजेत लागला. बाईंचे खांदे असे, की तांदळाचं पोतं हलवायला कुणा गड्याला हाक मारत नाहीत. नाटकाशी त्यांचा संबंध पुढं बसून शेंगा खाण्यापुरता. तरी शेवगावच्या बाजाराला गेल्या की कुणीतरी ‘आभाळ्याकाकू’ म्हणून हाक मारतं, त्याची ही हकिगत.

आमच्याकडं गणपतीत जिवंत देखावा असतो. पोरं स्टेजवर नुसते हातवारे करतात. संवाद, तोफा, गाणी सगळं आधीच नगरच्या स्टुडिओत रेकॉर्ड करून आणलेलं. त्या साली चित्रकलेचे प्रवीणसर म्हणाले, टीव्हीवरचे उडणारे-पळणारे वीर परक्या शहरांना वाचवून दमले. आपण त्यांचे दुसऱ्या दुनियेतले भाऊबंद दाखवू. त्या दुनियेत लढाई पेटलीय. शत्रूला ठावठिकाणा लागेल म्हणून उडायला बंदी. म्हणून उडणारा आभाळ्या आघाडीवर पाण्याचा टँकर चालवतो. वाऱ्या निरोप पोचवतो. कुणाला न दिसणारी काचबाई दवाखान्यात जखमींचा हात धरून बसते. शेवटी दवाखान्यावर तोफगोळा येतो. आभाळ्या बंदी मोडून उडतो, गोळा छातीवर घेतो आणि मरतो.

आभाळ्याचा आवाज ओंकारचा, स्टेजवरही तोच उतरणार होता. तो सुट्टीवर आलेला, चुलीपुढं बसून संवाद घोकायचा. रेकॉर्डिंग झालं आणि सीमेवर गडबड सुरू झाली. सुट्टी रद्द. दुसऱ्या दिवशी श्रीरामपुरातून त्यानं रेल्वे धरली.

आता अंगानं आभाळ्या कोण होणार? एकही पोरगं तयार होईना.

“आवाज ज्याचा, तो तिकडं बंदुकीम्होरं,” मंडळाचा अध्यक्ष रविराज म्हणाला, “अन आपन हितं त्याच्या आवाजात मरायचं? लई वंगाळ.”

“मग मरायचं तेवढं काढून टाका की, मास्तर,” लंकाबाई म्हणाल्या.

“काकू, समदी गोष्ट त्या मरनावर उभी हाय,” सर म्हणाले. “अन रेकॉर्डिंग परत करायला स्टुडिओवाल्याला आता टाईम न्हाई.”

“मंग मी व्हते आभाळ्या.”

पोरं फिदीफिदी हसली. “काकू, उडवायचा दोर तुटंल ना वो!”

“दोर तुटंल, मी न्हाई तुटायची. पाठ हाय मला समदं. भाकरी थापता थापता ऐकलंय.”

तोंडावर फडकं, डोक्यावर टोप. बाई की बाप्या, कुणाला कळणार होतं? ओंकारच्या मापाचा निळा अंगरखा बाईंच्या खांद्यात नेमका बसला. मंडपाच्या झालरीतून उरलेलं लाल कापड पाठीवर सोडलं. सरांची काळजी मिटली.

पहिल्याच संध्याकाळी तालुक्याच्या देखावा स्पर्धेचे परीक्षक येऊन बसले. बाईंनी टँकर हाकला, दोरावर लोंबकळून उडाल्या, थर्माकोलचा गोळा छातीवर घेतला. धूर झाला. स्पीकरमधून ओंकारचा आवाज आला, “माझं आभाळ संपलं. आता जमीन तुम्ही सांभाळा.”

इथं पडायचं होतं. बाई उभ्याच.

शेजारी वाऱ्या झालेला सुश्रुत कुजबुजला, “काकू, पडा.”

“न्हाई.”

“अवो आवाज संपला! पडा की!”

“तुला हौस आसंल तर तू पड.”

तेवढ्यात शहिदाचं गाणं लागलं. मढ्यावर टाकायची फुलं पोरांनी उभ्या माणसाच्या पायावर टाकली आणि सलाम ठोकला. एक परीक्षक शेजारच्याला विचारत होते, “हा मेला का जिता हाय?”

बक्षीस अर्थातच गेलं. स्टेजमागं सर तडकले. “सराव केल्ता का न्हाई आपन? सराव करताना पडत हुतात ना तुमी?”

“तवा रेकॉर्डिंग कुटं लावलं हुतं? नुस्ते आकडे मोजत हुता तुमी.” बाईंनी टोप काढला. घामानं केस चिकटले होते. “मास्तर, त्या दुनियेतली लढाई तुमची. वाऱ्या तुमचा, काचबाई तुमची. मरनारा तेवढा माझा हाय.”

रविराजनं उगाच दोराची गाठ तपासली.

कुणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण ओंकारपर्यंत पोचलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“आये, तिथं पडायचं असतंय.”

“गुडघा दुखतो माझा.”

पलीकडं तो हसला. “मंग नको पडू. अन ऐक, मी नसलो तरी टँकर जरा हळू हाक.”

विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी आवाज संपायचा, गाणं लागायचं, आणि आभाळ्या फुलांत उभा राहायचा. सकाळी खिचडीचं पातेलं चुलीवर.