कोर्टाच्या भिंतीचा न्हावी

"माझ्यासमोर, साहेब." साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हे म्हणताना ते हनुवटी वर करायचे. गिऱ्हाइकाला करायला लावत, तशीच.

ते न्हावी होते. निजामाच्या काळातल्या दगडी फौजदारी कोर्टाच्या भिंतीला त्यांचा आरसा, आणि शेजारी माझं टायपिंगचं टेबल. कोर्ट उर्दूत चालायचं तेव्हा त्याच जागी त्यांचे वडील बसत. तारखेला आलेला आरोपी आधी यांच्यापुढं बसायचा. "चेहरा साफ, तर निम्मा गुन्हा माफ," म्हणत ते त्याचे गाल घोटायचे.

आणि त्याच आरोपीविरुद्ध पंच म्हणूनही उभे राहायचे. पोलिसांनी काही जप्त केलं, की ते डोळ्यांनी पाहिल्याची सही पंचाला करावी लागते. जमादार हाक मारायचा. हे साबणाच्या हातानंच सही करून यायचे. नाही म्हटलं तर भिंतीची जागा जाणार, हे तुम्हाआम्हाला कळतं, तसं त्यांनाही कळत होतं.

"आज काय जप्त झालं?" मी विचारायचो.

"काय की. वाचलं नाय." स्वतःच मोठ्यानं हसायचे.

त्या वर्षी लई दुष्काळ. पैठणहून शहराकडं येणारा पाण्याचा मोठा पाइप चितेगावावरून जायचा. शहरात नव्या वसाहती उठत होत्या आणि पाइपाच्या कडेला मेंढरं तहानेनं मरत होती. पाइप फोडला म्हणून एका मेंढपाळाला धरलं. त्याच्याकडं सापडली म्हणून दाखवलेली पहार त्याची नव्हतीच.

"पहार तुमच्यासमोर जप्त केली?" वकिलांनी विचारलं.

"माझ्यासमोर, साहेब."

शिक्षा झाली. मेंढपाळाची म्हातारी आई बाहेर येऊन यांच्यासमोर उकिडवी बसली.

"दादा, तुमी आमच्या शिवारात कधी आल्ते?"

"नाय आलो."

"मंग?"

"म्हातारे, मला रोज इथंच बसायचंय." आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला साबण फासला.

पुढच्या उन्हाळ्यात एक वाळलेला माणूस त्यांच्यापुढं येऊन बसला. "डोकं करा. मिशीबी काढा."

"कोण गेलं?"

"माय. मी तुरुंगात व्हतो. काल सुटलो, तवा कळलं."

यांनी आरशात पाहिलं आणि वस्तरा थांबला.

"भिऊ नगा," तो म्हणाला. "आमच्या गावचा न्हावी दुष्काळात गाव सोडून गेला. दुसरीकडं कुठं जाऊ? माय तुरुंगात भेटाया यायची तवा म्हनायची, त्या न्हाव्यानं मला तरी खरं सांगितलं."

त्यानं मान खाली घातली. यांनी डोकं भादरलं. दोन ठिकाणी कापलं. तो हलला नाही. रक्तावरच धोतराचं फडकं गुंडाळून निघून गेला.

तुम्हाला वाटेल, हे बदलले असतील. मलाही वाटलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर जमादारानं हाक मारली. हे उठले, गेले, सही करून आले. त्या दिवशी हसले नाहीत, एवढंच.

मग कोर्ट नव्या इमारतीत गेलं. रस्ता रुंद करताना जुनी भिंत पाडली. मी टेबल घेऊन नव्या आवारात शिरलो. एके सकाळी हे फाटकाशी दिसले, आरसा काखेत. नव्या शिपायानं अडवलं होतं.

"आरोपी का साक्षीदार?"

त्यांनी आरसा या काखेतून त्या काखेत घेतला. मागून गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा बाजूला सरले. मी हात केला, पण त्यांनी वर पाहिलं नाही.