चढावरच्या ताई

डॉक्टरांनी साखरेवरून दरडावल्यावर मी पन्नाशीत पुन्हा सायकल घेतली. सकाळी पावस गावच्या रस्त्याला सायकलवर एक बाई हटकून भेटत. नाव कधी विचारलं नाही. त्या मला भाऊ म्हणत, मी त्यांना ताई. वयानं माझ्याहून मोठ्या, अंगानं भारी, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली. चढ लागला की त्या आपल्या सायकलशीच बोलत, "चल गो बाय, चल."

एकदा चढावर माझा दम संपला. मी रस्त्याकडेला जांभे दगड रचून केलेल्या गडग्यावर बसलो आणि ठरवलं, सायकल विकून टाकायची. ताई केव्हाच वर पोचून दिसेनाशा झाल्या होत्या. थोड्या वेळानं पाहतो तर त्या उतारावरून परत येत होत्या.

"आता तुम्हाला पुन्हा चढायला लागणार," मी ओशाळून म्हणालो.

"मग चढू की. उठा भाऊ, सायकली हातात धरून नेऊ."

त्याही उतरून चालू लागल्या. मला बोलायला लागू नये म्हणून वाटभर बांगड्याच्या कालवणाबद्दल त्याच बोलत राहिल्या. वर पोचल्यावर पाहिलं, तर त्यांना माझ्याहून जास्त धाप लागली होती. तरी पाण्याची बाटली त्यांनी आधी माझ्यापुढे धरली.