मामांचं रसम आणि अक्काची वेल

"पानं पुरेत! फूल दे, फूल!"

शेजारचे शामरावमामा परसातल्या भोपळ्याच्या वेलीवर ओरडत होते, तेही इतक्या जोरात, की आमच्या तंजावरच्या मोठ्या देवळातला दगडी नंदी मान वळवून बघेल असं मला वाटलं. मी भिंतीवरून डोकावलो. मामा बनियनवर, हातात बादली, डोळे लाल. मला पाहताच आवाज एकदम पडला. "अक्काला ऐकू गेलं काय रे?"

बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यापासून मामांनी साऱ्या गल्लीच्या झाडांना खायला घालायचा वसा घेतला होता. मोरीजवळ निळं पिंप, त्यात उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून भिजत घातलेलं कंपोस्ट, वर गुळाचा खडा, आणि दिवसभर काठीनं ढवळणं. या पाण्याला ते 'रसम' म्हणत. पातळ करून मुळाशी घातलं की झाडं बाळसं धरत, हे खरं. पण वास असा, की टाऊनबस आमच्या थांब्यावर न थांबता निघून जाई आणि पोस्टमन पत्रं कोपऱ्यावरूनच भिरकावी. कुणी कुरकुरलं तर मामा म्हणत, "झाडाच्या जेवणात तू नाक कशाला घालूलालास?"

वेल अक्काची. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, त्यांच्याच घरात राहणारी. आई गेल्यावर त्यांना वाढवलं ते तिनंच. मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, आमच्याकडे पहाटे दारात कोलमाची रांगोळी काढतात, मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. अक्काच्या दाराला ते फूल कधी चुकलं नव्हतं. त्या वर्षी तिचे गुडघे धरले, तेव्हा ती मामांना म्हणाली, "एवढी एक वेल सांभाळ." आयुष्यात तिनं भावाकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

मामांनी सांभाळली. रसम पाजलं, शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली, तरी धीर निघेना म्हणून फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून वर मूठ मूठ युरिया. नत्र असं चढलं, की वेल भिंत ओलांडून आमच्या गच्चीवर आली, तिथून विजेच्या तारेवर. पानं अशी, की एकेका पानाखाली लग्नाची पंगत बसावी. वाळत घातलेला माझा सदरा तिनं गुंडाळून नेला, तो अजून मिळालेला नाही. फूल मात्र एक नाही. सगळं बळ पानांत.

मार्गळी लागली. अक्कानं कोलम काढला, गोळा ठेवला, रिकामाच. म्हणाली, "माझ्याच हातून देवाचं काही राहिलं असेल." मामा खांबाआड उभे होते. युरिया मी घातला, एवढं सांगायला तोंड उघडेना. अख्ख्या बँकेवर गरजलेला माणूस; त्या सकाळी त्यांनी कॉफीसुद्धा घेतली नाही, आणि तंजावरात कॉफी सोडणं म्हणजे जवळजवळ संन्यासच.

संध्याकाळी त्यांनी मोपेड काढली आणि मला मागे बसवलं. तिरुवैयारूच्या वाटेवरच्या एका मळ्यातून, सकाळी उमलतील अशा कळ्या जेवणाच्या डब्यात भरून आणल्या. पहाटे अक्का उठायच्या आत मी विजेरी धरली आणि मामांनी एकेक फूल वेलीला बांधलं. गजरेवाल्या बायका वापरतात ते केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या सालीचा मऊ धागा, त्यांच्या जाड बोटांना जमेना, म्हणून अक्काच्याच शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला. "पाप करूलालों रे," गाठ मारताना ते पुटपुटले, "आणि तुलाही त्यात ओढूलालों." अक्काला मोतीबिंदू आहे, तिला दोरा दिसणार नाही, एवढाच त्यांना आधार.

अक्कानं फुलं खुडली. दारात पिवळं फूल बसलं. मग हे रोजचंच झालं, आणि वेल जशी पसरत गेली तसे मामा वाळत गेले. शेवटी तर तिच्या एका पानाआड मावतील एवढे उरले. एका सकाळी गल्लीतल्या बायका रिकाम्या बाटल्या घेऊन रसम मागायला आल्या. अक्का ओसरीवर दुसऱ्या दिवसासाठी शेणाचा गोळा वळत बसली होती. ती त्यांना म्हणाली, "माझ्या शामनं फुलवली वेल."

संपलं. मामा सगळ्यांसमोर बहिणीच्या पायाशी बसले आणि युरियापासून दोऱ्यापर्यंत सगळं ओकून टाकलं. बँकेचा मॅनेजर हुंदके देताना कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. एरवी असल्या गोष्टीवर मी महिनाभर हसलो असतो.

आता मामा नाहीत. निळं पिंप मी ढवळतो, युरियाला हात लावत नाही, आणि वास माझ्या नाकाला येईनासा झालाय. ढवळताना ती ओसरी आठवते. बायका बाटल्या पोटाशी धरून उभ्या. अक्कानं हातातला गोळा नीट वळून पुरा केला, बाजूला ठेवला, हात पुसले.

"उद्यापासून केळीच्या सोपटानं बांध," ती म्हणाली. "दोऱ्यानं देठ कापतो."