तपासली एक, ठेवली दुसरी

घरचे सगळ्यांना सांगतात, हा पहिल्यापासूनच अबोल. मी त्यांना तसं समजू दिलं. सहा वर्षांपूर्वीचं एक काम मात्र आता सांगून टाकतो.

शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही साल्मोनेला या जिवाणूवर काम करत होतो. आमच्याकडच्या प्रकारात मुख्य डीएनएखेरीज डीएनएचं एक छोटं, सुटं कडं होतं. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. त्यावरच्या काही जनुकांच्या जोरावर हा जिवाणू आतड्यापाशी थांबत नाही. आपल्याच पेशींत लपून तग धरतो, रक्तापर्यंत पोचतो. कडं नसेल तर बहुधा पोट बिघडण्यावर निभावतं. असा बिनकड्याचा जिवाणू तयार करायचं काम माझ्याकडे होतं.

कडं गळून जावं म्हणून जास्त तापमानात वाढवलेल्या जिवाणूंच्या कॉलनी बशीवर आल्या. बारीक, पांढुरके ठिपके, प्रत्येक ठिपका एकेका जिवाणूपासून वाढलेला. त्यातली एक उचलून तपासली. प्लाझ्मिड गेलेलं होतं. पण तपासणीत ती सगळी संपली. साठवणीच्या नळीत मी तिच्या शेजारची घातली. एकाच बशीतल्या, दोन्ही सारख्याच असणार! ती पुन्हा तपासायला अर्धा दिवस गेला असता, आणि मला कन्नडला जायची एसटी गाठायची होती. नळीवर चिठ्ठी लावली : ‘प्लाझ्मिड नाही’.

लासूर स्टेशनची एक मुलगी माझ्या हाताखाली पीएचडी करत होती. रोज रेल्वेनं यायची. एका सकाळी त्या नळीतून वाढवलेलं द्रावण तिच्या हातून टेबलावर सांडलं.

“सर, हातमोजे संपलेत. खालून आणू का?”

“पूस गं तसंच. त्याचे दात पाडलेत मी.”

तिनं पुसलं.

आठवड्याच्या आत ती दवाखान्यात होती. ताप हटेना. रक्तात साल्मोनेला सापडल्याचं कळलं. तसाच प्रयोगशाळेत आलो, नळी तपासली. प्लाझ्मिड असल्याची पट्टी ठसठशीत दिसत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचे वडील उकिडवे बसले होते. शेतकरी माणूस. मला पाहून उठले.

“सर, पोरगी लई तापलीय. क्रांती चौकात अंडी-बिंडी खाल्ली असतील का हिनं?”

“असतील,” मी म्हणालो.

“सांगून सांगून थकलो. ऐकतच नाय.”

औषधं लागू पडली, ती वाचली. मग विभागप्रमुख मॅडमनी माझ्याकडे चौकशी केली. मी सांगितलं, तिनं चुकून मूळ जिवाणूची नळी घेतली असावी. तोवर मी माझी नळी नष्ट केली होती.

“सर, मी चिठ्ठी वाचूनच घेतली होती,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिच्या फाईलवर ‘निष्काळजी’ असा शेरा पडला, खाली सही माझी. वडील तिला गावी घेऊन गेले.

मागच्या महिन्यात पुन्हा प्रवेशासाठी तिचा अर्ज आला. जुना शेरा पाहून समितीनं माझं मत मागितलं. मी आधी लासूरला गेलो. ती माहेरीच होती. चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं.

“शेजारची कॉलनी?” ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “पहिल्याच आठवड्यात आम्हाला कोण बजावत होतं, सर? तपासली तीच ठेवायची म्हणून?”

वडील दारातच थबकले होते. “म्हंजे पोरीची चूक नव्हती?”

“नव्हती.”

“अन् तुमाला ठाऊक होतं?”

“हो.”

ते खाली बसले. “मी हिला त्या अंड्यांवरनं किती बोललो, सर. हिच्या लग्नात पाहुण्यांपुढं बी बोललो.”

तिनं माझ्यासमोर वही-पेन ठेवलं. “लेखी द्या. आत्ता.”

मी कॉलनीपासून चौकशीपर्यंत सगळं लिहिलं, सही केली. तिनं ते उभ्यानंच दोनदा वाचलं, पान फाडलं, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि मगच ते माझ्या हातात दिलं.

“समितीला तुम्हीच द्या,” ती म्हणाली. “नाही दिलंत, तर माझ्याकडे फोटो आहे.”

दुसऱ्या दिवशी दिलं. समितीचा निर्णय अजून व्हायचाय, तिच्याबद्दलही आणि माझ्याबद्दलही.